हवा वाढवाल, तर तेलही वाढवा!



२०२४ च्या दिवाळीतील गोष्ट. गळिताची तयारी चालू होती. मिलचे रोलर बसवून झाले होते, बॉयलरची तपासणी व्हावयाची होती. अशा गडबडीत आपल्या एका जुन्या सभासदांचे चिरंजीव वडिलांसोबत कारखाना पाहण्यास आले. हे चिरंजीव अमेरिकेत मिशिगन राज्यात नोकरीस आहेत. मिल, बॉयलिंग हाऊस, साखर गोदाम सारे पाहून झाले. पण डिस्टिलरीत आल्यावर त्यांचा पाय निघेना. इथेनॉलच्या टाक्यांकडे बोट दाखवून ते म्हणाले, "ह्याच तेलावर माझी गाडी पळते. पण हे शिकायच्या आधी मी एक अख्खं इंजिन घालवून बसलोय."

"किती खर्च आला, ते सांग की ह्यांना," वडील म्हणाले.

"राहू द्या तात्या," म्हणून चिरंजीव नुसते हसले.

चहाच्या वेळी सगळी हकीकत निघाली. ऐकता ऐकता आमच्या ध्यानात आले की, ही गोष्ट अमेरिकेतील शर्यतीच्या गाडीची असली तरी तिच्यातील हिशेब आपल्या विहिरीवरच्या मोटरचा आहे. शिवाय इथेनॉलमिश्रित पेट्रोलाबद्दल गटसभांतून हमखास प्रश्न येतात. त्यांचे उत्तरही ह्याच हिशेबात आहे. म्हणून हा लेख.

गाडी काय होती

गाडी फोर्ड कंपनीची मस्टँग कोब्रा, २००३ सालची. इंजिन ४.६ लिटरचे, आठ सिलिंडरचे. मूळ ताकद ३९० हॉर्सपॉवर. म्हणजे आपल्याकडच्या पन्नास हॉर्सच्या जवळजवळ आठ ट्रॅक्टरांइतकी ताकद एका बॉनेटखाली. ही ताकद येते ती सुपरचार्जरमुळे.

सुपरचार्जर म्हणजे हवा कोंबणारा ब्लोअर. साधे इंजिन आपल्या ओढीने जेवढी हवा घेता येईल तेवढी घेते. सुपरचार्जरमध्ये एकमेकांत फिरणारे दोन पीळदार रोटर असतात. इंजिनच्याच पट्ट्यावर ते फिरतात आणि सिलिंडरमध्ये दाबाने हवा भरतात. ह्या कोब्रा गाडीत मूळचा दाब सुमारे अर्धा किलो होता. आपण ठिबकच्या गेजवर जो किलो वाचतो, तोच हा किलो.

आता हा दाब वाढवावयाचा तर सोपा मार्ग कोणता? ब्लोअरवरची पुली लहान करावयाची. पुली लहान झाली की फेरे वाढतात, हे पिठाची गिरणी किंवा कडबाकुट्टी चालविणाऱ्याला सांगावयास नको. फेरे वाढले की हवा वाढते, हवा वाढली की ताकद वाढते. पुलीला पैसे फारसे पडत नाहीत आणि बसविण्यास अर्धा दिवस पुरतो. आमच्या पाहुण्यांनी नेमके हेच केले. दाब अर्ध्या किलोवरून एक किलोच्या घरात नेला. पेट्रोलच्या बाजूला मात्र हात लावला नाही. टाकीतले पंप तेच, नोझल तेच.

पिस्टनला भोक कसे पडले

एक किलो पेट्रोल पुरते जळण्यास १४.७ किलो हवा लागते. हे झाले पुस्तकी प्रमाण. सुपरचार्जरचे इंजिन पूर्ण जोरात असते, तेव्हा एक किलो पेट्रोलला साडेअकरा-बारा किलोच हवा ठेवतात, म्हणजे पेट्रोल मुद्दाम थोडे जास्त देतात. जादा पेट्रोलची वाफ होताना ते आतली उष्णता शोषून घेते आणि पिस्टन थंड राहतो. इथे पेट्रोल नुसते जळण नाही, ते इंजिनचे पाणीही आहे म्हणा ना!

हवा वाढली आणि पेट्रोल तेवढेच राहिले, तर मिश्रण हलके पडते. मग आतला ताप वाढतो. ठिणगी पेटविण्याच्या बाहेरच मिश्रणाचा काही भाग आपोआप पेट घेतो आणि इंजिन ठोकू लागते. साध्या इंजिनात ही ठोक ऐकू येते आणि माणूस पाय उचलतो. दाबाच्या इंजिनात, पाच-सहा हजार फेऱ्यांवर, तेवढी सवड मिळत नाही.

पाहुणे म्हणाले, "शर्यतीचा सरळ ट्रॅक होता, चारशे मीटरचा. तिसऱ्या गिअरला गाडी अशी काही सुटली की, मला वाटलं कमाई झाली. दोन सेकंदांनी मागं पांढरा धूर. इंजिन उघडलं तेव्हा आठातल्या एका पिस्टनच्या माथ्याला भोक. बाकी सात चांगले."

"सातच का वाचले?" आम्ही विचारले.

ह्यावर वडिलांनी जे उत्तर दिले, ते आम्ही तसेच लिहून ठेवले आहे. ते म्हणाले, "त्यात काय न कळण्यासारखं हाय? विहिरीवर मोटर पाच हॉर्सची. तिच्यावर आणखी अडीच एकर जोडलं. पैल्या सरीला पाणी येतंयच. शेवटची सरी वाळती. ह्याचा तो शेवटचा सिलिंडर वाळला!"

सगळ्या नोझलांतील धार अगदी सारखी नसते, हवाही सगळ्या सिलिंडरांत सारखी जात नाही. जिथे आधीच थोडी कसर असते, तिथे टंचाई पहिली जाणवते. गाडीच्या काट्यांवर सरासरी दिसते. नुकसान मात्र एकाच पिस्टनचे होते.

हिशेब शेवटच्या टोकापासून

नवे इंजिन बांधताना पाहुण्यांनी काम उलट्या टोकाने सुरू केले. आधी किती ताकद हवी ते ठरविले: ५०० हॉर्सपॉवर. मग त्या ताकदीला तेल किती लागेल, ते काढले.

सुपरचार्जरच्या पेट्रोल इंजिनचा ढोबळ आडाखा असा की, एका हॉर्सपॉवरला तासाला सुमारे पावणेतीनशे ग्रॅम पेट्रोल लागते. म्हणजे ५०० हॉर्सला सुमारे १३६ किलो, लिटरमध्ये १८० च्या थोडे वर. मिनिटाला तीन लिटर! अर्थात ही भूक पूर्ण पाय दाबल्यावरची आहे आणि ती काही सेकंदच टिकते. पण त्या काही सेकंदांतच इंजिन जगते किंवा मरते.

हे पेट्रोल आठ नोझलांत वाटले, तर प्रत्येकाला मिनिटाला सुमारे ३८० सी.सी. आले. नोझल शंभर टक्के वेळ उघडे ठेवता येत नाही. ऐंशी टक्क्यांवर ठेवावे असा नियम आहे. तेव्हा नोझल पाहिजे सुमारे ४७५ सी.सी.चे. मूळ गाडीतले होते ४१० सी.सी.चे. मूळच्या ३९० हॉर्सला ते बरोबर बेतलेले होते. वर फारशी जागाच नव्हती.

नोझलनंतर पंप. ह्या गाडीच्या टाकीत पेट्रोलात बुडालेले दोन विजेचे पंप असतात, म्हणजे आपल्या सबमर्सिबलचेच धाकटे भाऊ. त्यांचे गुणदोषही तेच. बोअरवर मोटर घेताना आपण 'पाणी किती फेकते' एवढेच विचारत नाही, 'किती हेडवर' हेही विचारतो. हेड वाढले की धार बारीक होते. पेट्रोलच्या पंपाचे तसेच आहे. नोझलमागे पावणेतीन किलोचा दाब लागतो. पण नोझलच्या तोंडाशी सुपरचार्जरची एक किलो दाबाची हवा उलट रेटत असते. तेव्हा पंपाने पावणेचार किलो दिले, तरच नोझलमधून पूर्वीइतकी धार निघणार. म्हणजे ज्या क्षणी पेट्रोल जास्त हवे, नेमके त्याच क्षणी पंपाचे हेड वाढते आणि धार घटते. डब्यावर छापलेला आकडा बहुधा कमी दाबावरचा असतो. खरेदी करताना आपल्या दाबावरचा आकडा पाहावा, आणि त्यातही वीस टक्के हात राखावा.

पंपानंतर वायर. व्होल्टेज पडले की मोटर कशी कण्हते, हे आपणांस ठाऊक आहे. मोठा पंप जुन्या बारीक वायरवर लावला, तर वायरच तापते, पंपाला पुरती वीज पोहोचत नाही आणि नवा पंप जुन्याएवढेच पेट्रोल देतो. पाहुण्यांनी बॅटरीपासून जाड वायर आणि वेगळा रिले टाकला.

मग नळ्या आणि फिल्टर. ठिबकचा फिल्टर तुंबला की पुढची लॅटरल कोरडी पडते, तसेच हे. शेवटी टाकी. पेट्रोल कमी असताना गाडी जोरात वळली किंवा सुटली, तर तेल एका बाजूस जाते आणि पंप हवा ओढतो. फूटव्हॉल्व्ह उघडा पडल्यावर होते तेच. म्हणून शर्यतीच्या गाड्यांत पंपाभोवती आडभिंतींचा डबा करतात. तसेच भोवतीचे पेट्रोल पंपाला थंड ठेवते. टाकी तळाला गेलेली असताना गाडी दामटली, तर पंपाचे आयुष्य कमी होते.

एवढे झाल्यावर गाडीच्या संगणकाला नवे नोझल, नवा दाब शिकवावा लागतो. आणि सर्वांत शेवटी दाबाचे गेज! "गेज पहिल्यांदा लावलं असतं, तर इंजिन गेलं नसतं," असे पाहुणे म्हणाले. पूर्ण पाय दाबल्यावर दाबाचा काटा खाली झुकू लागला की समजावे, पंप दमला. लगेच पाय उचलावा.

आपले इथेनॉल इथे कोठे आले?

आता मूळ मुद्दा. अमेरिकेत मक्यापासून इथेनॉल होते आणि पुष्कळ पंपांवर ई-८५ नावाचे तेल मिळते. नाव पंच्याऐंशी असले तरी हंगामाप्रमाणे त्यात ५१ ते ८३ टक्के इथेनॉल असते. सुपरचार्जरवाले ह्या तेलाच्या मागे का लागतात? कारणे दोन. एक, इथेनॉलचा ऑक्टेन आकडा १०८ च्या घरात, म्हणजे ते सहजासहजी ठोकत नाही. दुसरे, त्याची वाफ होताना ते पेट्रोलच्या दुपटीहून अधिक उष्णता शोषते. दाबाने तापलेली हवा त्यामुळे आतल्या आत थंड होते.

पण ह्याची किंमत मोजावी लागते. एक किलो इथेनॉल जळण्यास हवा लागते ९ किलोच. म्हणजे हवा तेवढीच असेल, तर तेल जास्त ओतावे लागते. ई-८५ साठी हा वाढावा आकारमानाने तीस ते चाळीस टक्के धरतात. वरच्या हिशेबात १८० लिटरचे २५० लिटर झाले, आणि ४७५ सी.सी.चे नोझल ६६५ सी.सी.चे. पाहुण्यांनी सारी यंत्रणा ह्या मोठ्या आकड्यावर बेतली. टाकीत इथेनॉलचे प्रमाण मोजणारा सेन्सरही लावला, कारण दर खेपेचे तेल सारखे नसते.

गंमत म्हणून आपणही हिशेब करू. एक टन सी-हेवी मळीपासून सव्वादोनशे लिटरच्या आसपास इथेनॉल मिळते. ही गाडी पूर्ण जोरात चालविली, तर एका टनाच्या मळीचे इथेनॉल साधारण तासाभरात पिऊन टाकील!

ही भूक नवी नाही. १९५१ साली अल्फा रोमिओ कंपनीची शर्यतीची गाडी जगात अजिंक्य समजली जाई. इंजिन दीडच लिटरचे, पण सुपरचार्जरवर सव्वाचारशे हॉर्सच्या आसपास ताकद. ती मिथेनॉलवर चाले. हे आपल्या इथेनॉलहून निराळे, विषारी अल्कोहोल. पण जास्त तेल पिण्याची खोड तीच. एका लिटरला जेमतेम अर्धा किलोमीटर! त्यावर्षी जुलैत इंग्लंडमधील सिल्व्हरस्टोन येथे फेरारीची साडेचार लिटरची, सुपरचार्जर नसलेली गाडी गोन्झालेस ह्यांनी पहिली आणली. अल्फाला तेलाचे जादा ओझे वाहावे लागे. ताकद असूनही भुकेने घोडा मागे पडला. तरीही त्या वर्षीचे अजिंक्यपद अल्फाच्या फॅंजिओंनाच मिळाले, हेही नमूद केले पाहिजे.

अलीकडचे उदाहरण स्वीडनचे. तेथील कोनिगसेग कंपनीने सुपरचार्जरची एकच गाडी दोन प्रकारे काढली. पेट्रोलवर ताकद आठशे हॉर्सच्या आसपास. २००७ साली ई-८५ साठी काढलेल्या प्रकारात एक हजारावर. पण त्यांनी नुसते तेल बदलले नाही. मोठे नोझल, वेगळ्या नळ्या, वेगळ्या पिस्टन-रिंगा आणि वाढविलेला दाब, असा सारा संच बदलला. इथेनॉलने ताकद दिली ती इतकी तयारी केल्यावर.

आपल्या मोटरसायकलचे काय?

मिरज आणि मनमाड येथे २००१ साली इथेनॉलमिश्रित पेट्रोलाचा प्रयोग झाला, तेव्हा पाच टक्क्यांचीच गोष्ट होती. जून २०२२ मध्ये देशाने दहा टक्के गाठले, फेब्रुवारी २०२३ पासून वीस टक्क्यांचे पेट्रोल पंपांवर येऊ लागले आणि २०२५ मध्ये वीस टक्क्यांचे उद्दिष्ट गाठले गेले. ह्यात आपल्या उसाचा वाटा मोठा आहे आणि बिलाच्या पैशांतही त्याचा हातभार आहे. म्हणूनच सभासदांच्या शंकेला आपण स्वच्छ उत्तर दिले पाहिजे. "काही होत नाही" म्हणून हात झटकणे बरोबर नाही.

पहिली गोष्ट, ॲव्हरेज. लिटरमागे इथेनॉलची उष्णता पेट्रोलच्या दोन-तृतीयांश. तेव्हा ॲव्हरेज थोडे घटणारच. नीती आयोगाच्या २०२१ च्या अहवालात जुन्या धाटणीच्या चारचाकीला ६ ते ७ टक्के, दुचाकीला ३ ते ४ टक्के, आणि दहा टक्क्यांसाठी बनवून वीसला जुळविलेल्या चारचाकीला १ ते २ टक्के घट सांगितली आहे.

दुसरी, मिश्रण. नव्या गाडीतला सेन्सर धूर तपासून नोझल आपोआप जास्त उघडतो. कार्बोरेटरच्या जुन्या मोटरसायकलचे जेट मात्र ठरलेल्या मापाचे असते. तिला वीस टक्क्यांवर मिश्रण किंचित हलके पडते. गाडी अडखळत असेल, फार तापत असेल, तर मेकॅनिककडून जेट तपासून घ्यावे. पिस्टनच्या भोकाइतका प्रसंग येथे नाही, पण हिशेब तोच आहे.

तिसरी, रबर. २०२३ पूर्वीच्या बऱ्याच गाड्यांच्या रबरी नळ्या, वायसर, सील वीस टक्क्यांसाठी केलेले नसतात. ते फुगतात, चिरतात. सर्व्हिसिंगच्या वेळी बदलून घ्यावेत; फार खर्चाचे काम नाही. इथेनॉल टाकीतला जुना मळ सोडविते, म्हणून फिल्टरही बदलावा.

चौथी, पाणी. इथेनॉल पाणी ओढते. फार पाणी शिरले, तर इथेनॉल आणि पाणी मिळून टाकीच्या तळाशी वेगळे बसते. पावसाळ्यात गाडी महिनोन् महिने उभी ठेवू नये, झाकणाचे रबर नीट ठेवावे.

आता दोन शब्द तरुण मंडळींसाठी. "दोन लिटर कारखान्यातलं द्या, गाडीत टाकून बघतो," असे कोणी गमतीने म्हणतात. डिस्टिलरीतील थेंब न् थेंब उत्पादन शुल्क खात्याच्या देखरेखीखाली असतो. शिवाय तुमच्या गाडीचे नोझल आणि पंप त्या तेलासाठी बनलेले नाहीत, हे वर वाचलेच आहे. ट्रॅक्टरच्या डिझेलमध्ये तर इथेनॉल मुळीच मिसळू नये.

ऊस वाहतुकीच्या ट्रॅक्टरांचा पंप वाढविणाऱ्यांनाही हेच सांगणे आहे. डिझेलची गोष्ट उलटी. तिथे हवा तेवढीच राहते आणि तेल वाढते. काळा धूर निघतो, तो न जळलेला तुमचाच पैसा. आतला ताप वाढतो, टर्बो आणि पिस्टन दोन्ही उतरतात. पेट्रोलमध्ये हवा वाढवून तेल विसरणारा आणि डिझेलमध्ये तेल वाढवून हवा विसरणारा, दोघांचे इंजिन शेवटी एकाच वर्कशॉपमध्ये येते.

निरोप घेताना आम्ही पाहुण्यांना विचारले, "आता गाडी कशी आहे?" ते म्हणाले, "झकास. पण आता आधी गेज बघतो, मग रस्ता." वडील लगेच म्हणाले, "आमच्या विहिरीवर बी एक गेज लावून जा म्हणजे झालं!"

सभासदांनी इथेनॉलमिश्रित पेट्रोलाबद्दलच्या आपल्या शंका गट कार्यालयात लेखी द्याव्यात. डिस्टिलरी व वर्कशॉप विभागाकडून उत्तरे घेऊन ती पुढील अंकात देऊ.